सहलीला १५ हजार, ‘फुकट’ खोलीला सहा लाख

प्रश्न : आम्ही तळेगावला राहतो. नाताळच्या सुट्टीत बायको, दोन मुलं (वय ११ आणि ६) आणि सासूबाईंना घेऊन खोपोलीच्या इमॅजिका थीम पार्कला दोन दिवस जायचं आहे. तिकिटं (माणशी साधारण १,८००), सगळ्यांना एक्सप्रेस पास (राइडची रांग टाळणारे), एक रात्र हॉटेल असे ४५ हजार होतात. एफडी मोडू की कार्डवर नो-कॉस्ट ईएमआय घेऊ? हॉलिडे क्लबची मेंबरशिप आहे (एकदा पैसे भरून दरवर्षी ठरावीक रात्री त्यांच्या रिसॉर्टमध्ये मुक्काम), पण डिसेंबर आमच्या सीझनमध्ये, म्हणजे आम्हाला चालणाऱ्या महिन्यांत, बसत नाही. सव्वा लाखात अपग्रेड करा म्हणतात.

उत्तर : सहलीसाठी एफडीही मोडू नका आणि ईएमआयही घेऊ नका. तळेगावहून एक्सप्रेसवेने खोपोलीला उतरून पाली रस्त्याला लागलं की तास-सव्वा तासात पार्क येतं. मुक्काम हवाच कशाला? पाच तिकिटं ९,०००, आतलं खाणं साडेतीन हजार, टोल-पेट्रोल दोन हजार, म्हणजे १५ हजारांत दिवस होतो. मोठ्या रोलर कोस्टरला उंचीची अट असते. सहा वर्षांचं मूल तिथे अडणार आणि सासूबाई बसणार नाहीत, मग त्या दोघांचे एक्सप्रेस पास कुणासाठी? २५ डिसेंबर ते १ जानेवारी हा आठवडा सोडा आणि मधला वार धरा. तिकिटाचा दर तारखेनुसार बदलतो, आणि त्या आठवड्यात घाटातल्या गर्दीत वेळ जाऊ शकतो तो वेगळाच. नो-कॉस्टमध्येही प्रोसेसिंग फी आणि व्याजाच्या भागावर १८ टक्के जीएसटी लागतोच. १५ हजार पगारातून द्या.

आता तुम्ही न विचारलेलं. पत्राच्या शेवटी चार ओळींत लिहिलंय : १४ महिन्यांपूर्वी मॉलमध्ये कूपन भरलं, बक्षीस घ्यायला सपत्नीक बोलावलं, तीन तासांनी साडेतीन लाखांच्या दहा वर्षांच्या मेंबरशिपवर सही करून बाहेर पडलात. वर्षाला सहा रात्री. पैसे १६ टक्क्यांच्या पर्सनल लोनमधून, ४८ हप्ते, महिना ९,९२०. वर देखभाल शुल्क वर्षाला १४ हजार. आतापर्यंत तीन रात्री वापरल्यात. (ही बक्षिसं जोडप्यालाच का लागतात, याचा विचार जरूर करा. एकट्या नवऱ्याला ‘घरी विचारून सांगतो’ म्हणता येतं.)

हप्त्यांची बेरीज पावणेपाच लाखांच्या वर. दहा वर्षांचं देखभाल शुल्क, एक पैसाही न वाढता, १ लाख ४० हजार. एकूण सहा लाखांच्या पुढे, भागिले ६० रात्री : रात्रीला दहा हजार, जेवण वेगळं. तेही साठच्या साठ रात्री वापरल्या तर! आजवरचा हिशेब धरला तर तीन रात्रींना दीड लाख गेलेत. ‘फुकट मुक्काम’ म्हणतात तो हा.

सव्वा लाखाच्या अपग्रेडने डिसेंबरमध्ये खोली मिळत नाही, खोली मागण्याचा हक्क मिळतो. ‘उपलब्धतेनुसार’ हा शब्द करारात तसाच राहतो. शिवाय वरच्या सीझनचं देखभाल शुल्क जास्त नाही ना, तेही बघा. अपग्रेड नाही. फोनवर ‘हो’सुद्धा म्हणू नका.

त्याहून खटकलं ते हे, की सात टक्क्यांची चार लाखांची एफडी तुमच्याकडे पडून आहे आणि शेजारी १६ टक्क्यांचं कर्ज चालू आहे. १४ हप्त्यांनंतर मुद्दल साधारण २ लाख ७० हजार उरलंय. एफडी मोडायची ती यासाठी. पर्सनल लोन बहुधा स्थिर दराचं असतं, म्हणून फोरक्लोजरला (कर्ज मुदतीआधी फेडायला) तीन-चार टक्के आणि त्यावर जीएसटी धरा. एफडी मुदतीआधी मोडल्याचा दंडही लागेल. बँकेकडून आकडा लेखी घ्या. मग तेच ९,९२० दरमहा आरडीत टाका. ३४ महिन्यांत एफडी पुन्हा उभी राहते आणि सगळा खर्च वजा जाता वीस हजारांच्या आसपास वाचतात. एफडीतले उरलेले लाख-सव्वा लाख घरखर्चाचा राखीव निधी, त्याला हात नाही.

मेंबरशिप रद्द करायची सुरुवातीची मुदत, बहुतेक करारांत जेमतेम दहा दिवसांची, केव्हाच संपली. पण ग्राहक आयोगाकडे जायला कारण घडल्यापासून दोन वर्षं असतात. सहीपासून मोजलं तर तुमच्याकडे दहा महिने आहेत. विक्रेत्याचे ‘कधीही, कुठेही खोली’ असे व्हॉट्सअॅप मेसेज, माहितीपत्रक, करारातलं सीझनचं कॅलेंडर, नाकारलेल्या बुकिंगचे ईमेल एकत्र ठेवा. डिसेंबरची खोली ईमेलवरच मागा, म्हणजे नकारही लेखी येईल. आधी कंपनीला लेखी तक्रार, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, मग ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही. पूर्ण रक्कम परत मिळेल अशी आशा धरू नका. आणि तोवर देखभाल शुल्क परस्पर थांबवू नका : बऱ्याच करारांत थकबाकीवर व्याज चढतं, आणि कंपनीला तुमचीच चूक दाखवायला मिळते.