जुना लाकडी फ्यूज बोर्ड काढून पत्र्याचाच बॉक्स बसवावा का?

तुम्ही विचारलंय की इंग्लंडमध्ये घरातला फ्यूज बॉक्स पत्र्याचाच लागतो असं वाचलं, मग आपल्या जुन्या घरातला लाकडी बोर्ड आणि किटकॅट (तारेचे चिनीमातीचे फ्यूज) काढून प्लास्टिकचा एमसीबीचा, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडणाऱ्या स्विचांचा, बॉक्स बसवला तर चालेल का. मी सोलापुरात बावीस वर्षं वायरमनचं काम करतोय. लाकडी बोर्ड काढाच. पण प्लास्टिक की पत्रा हा नंतरचा प्रश्न आहे.

नियम खरा आहे. ब्रिटनच्या वायरिंगच्या मानकात, बीएस ७६७१ मध्ये, तिसरी दुरुस्ती झाली आणि १ जानेवारी २०१६ पासून घरातला बॉक्स न जळणाऱ्या आवरणाचा, म्हणजे व्यवहारात पोलादी, हवा असं ठरलं. तिथल्या बऱ्याच वायरमननी नाकं मुरडली. आग लागते सैल स्क्रूमुळं आणि तुम्ही बदलताय डबा, असं त्यांचं म्हणणं. मला ते निम्मं पटतं. डब्यानं आग लागायची थांबत नाही, पण बाहेर पसरायला वेळ लागतो, आणि रात्री दोन वाजता तेवढा वेळही मोठा असतो.

आता सैल स्क्रूचा हिशेब बघा. गीझर आणि इस्त्री एकदम चालू असली की साधारण १३ अ‍ॅम्पिअर करंट जातो. टर्मिनल सैल होऊन तिथं नुसता अर्धा ओहम रोध आला, तरी त्या एका स्क्रूवर ८४ वॅट उष्णता तयार होते. आमची सोल्डरिंग आयर्न २५ वॅटची असते! आणि एमसीबी पडत नाही, कारण तिच्या दृष्टीनं करंट ठीकच आहे. आरसीसीबी, म्हणजे करंट जमिनीकडं गळला की बंद पडणारा स्विच, तीही पडत नाही, कारण गळती नाही.

साखर पेठेत एका घरी बोलावलं होतं. खाली यंत्रमाग, वर बिऱ्हाड. आजी म्हणाल्या, "श्रावण चालू आहे, घरात मासळी नाही, तरी जिन्यात मासळीचा वास येतोय बघा." त्यांचा संशय शेजारणीवर! बॉक्सचं झाकण उघडलं तर आत बोटभर रुईची धूळ, आणि न्यूट्रल लिंकच्या (परतीच्या वायरी जोडायच्या पट्टीच्या) एका स्क्रूभोवती प्लास्टिक तपकिरी होऊन फुगलेलं. काही जातींचं प्लास्टिक आणि बेकेलाइट तापलं की अगदी तसाच वास सुटतो. वायर ओढून पाहिली तर हातात आली. बॉक्स तीन वर्षांचा, चांगल्या कंपनीचा होता. बसवणाऱ्यानं स्क्रू आवळलाच नव्हता.

सोलापुरात आणखी एक भानगड आहे, उन्हाळा. एमसीबीचं रेटिंग ३० अंशांना धरलेलं असतं. आपल्याकडं मे महिन्यात बाहेर ४२-४३, आणि पश्चिमेच्या भिंतीवरच्या बॉक्समध्ये त्याहून जास्त. मग एसीची एमसीबी लवकर पडते. लोक वैतागून १६ अ‍ॅम्पिअरच्या जागी ३२ ची बसवतात. आत वायर तीच जुनी अडीच चौरस मिलिमीटरची, तीही कधीकधी अ‍ॅल्युमिनियमची. आता एमसीबी पडत नाही, वायर तापते. किटकॅटमध्ये तारेचे तीन पदर घालणं आणि हे, एकच काम आहे ओ.

पत्र्याचा बॉक्स घेणार असाल तर आधी अर्थिंग तपासून घ्या. मेनची वायर सुटून पत्र्याला लागली तर अख्खा डबा लाइव्ह होतो, आणि हे आरसीसीबीच्या आधी घडलं तर तीही काही करू शकत नाही. आपल्याकडं खाली खडक, वर मुरूम, उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा ठणठणीत. तिथं पाणी घालायचं कुणाच्या लक्षात राहत नाही. अर्थिंग धड नसेल तर मी पत्र्याचा बॉक्स बसवायला तयार होत नाही. गिऱ्हाईक गेलं तर जाऊ दे.

तुमच्या घरी मी काय करीन? अर्थिंग मोजीन, ठीक असेल तर पत्र्याचा बॉक्स, नसेल तर आधी अर्थिंग. ३० मिलिअ‍ॅम्पिअरची आरसीसीबी. वायरच्या जाडीप्रमाणं एमसीबी, उलटं नाही. प्रत्येक वायर आवळल्यावर ओढून बघायची, आणि महिन्याभरानं परत येऊन पुन्हा आवळायची. हे स्वतः करू नका. मेन स्विच बंद केला तरी मीटरकडून येणारी बाजू जिवंतच असते. परवानाधारक माणूस बोलवा आणि तो वायर ओढून बघतो का, ते उभं राहून बघा.

आणि बोर्डाखाली चपलांचा रॅक नि रद्दीचा गठ्ठा असेल, बहुतेक असतोच, तर तो आजच हलवा.