तहनाळ न ठोकता कशी चिरली?

धोपेच्या, म्हणजे सरळ पात्याच्या तलवारीच्या, म्यानाची पितळी तहनाळ (म्यानाच्या खालच्या टोकाचं टोपण) तुम्ही जूनमध्ये बसवली आणि गणपतीत कपाटातून काढली तर कडेच्या वळणावर उभी चीर. तांबाकाट्यावरून आणलेला पत्रा भेसळीचा निघाला का, असं विचारलंत. माझ्या मते पत्र्याचा दोष नाही.

पितळ ठोकलं की कडक होतं, ते हाताला कळतं. आत अडकलेला ताण मात्र कळत नाही. त्याला दमट हवा आणि जरासा अमोनिया मिळाला की पितळ आपोआप तडकतं. ब्रिटिश अमदानीत इथल्या फौजेची काडतुसं तबेल्यात ठेवायचे, आणि ऐन पावसाळ्यात त्यांच्या पितळी नळ्या चिरायच्या. घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि नळ्यांतला ताण, हे कारण १९२१ साली उलगडलं. तुमच्या कपाटात घोडा नाही, पण काच पुसायच्या द्रवाने चकाकी दिलीत असं म्हणता. नाकाला झोंबत असेल तर त्यात अमोनियाच आहे. मीही एका नाटकाच्या तलवारीची मोहनाळ (म्यानाच्या तोंडावरचं कडं) घट्ट बसावी म्हणून मोगरीने ठोकून चढवली होती. नारळी पौर्णिमेच्या आत गेली.

आता नवी करताना २४ गेजचा पत्रा पुरे, जाड घेऊन मर्दुमकी नको. जुन्या लग्नपत्रिकेचा नमुना कापा. साचा सागवानी करा, म्यानावरच्या मखमलीची जाडी धरून. ठोकताना कान द्या: आवाज थप थप येतोय तोवर चालू ठेवा, टणटणीत यायला लागला की थांबा आणि पत्रा तापवा. हे काम दिवा मालवून करायचं, कारण अंधारात जेमतेम दिसेल इतकीच लाली हवी. पांढरा धूर दिसला तर जस्त उडतंय, ज्योत लगेच बाजूला घ्या. लाली गेली की पाण्यात, मग चिंचेच्या कोळात, काळपटपणा निघतो. एका तहनाळेला मला पाच-सहा वेळा तापवावं लागतं, आळस केला की वळणावर केसासारखी रेघ दिसतेच. सांधा पाठीमागे घ्या. टाकणखार (बोरॅक्स) लावून चांदीचा डाख, म्हणजे सांधा जोडणारी झाळ, द्या, कथलाचा पांढरा दिसतो आणि टिकतही नाही.

डाखानंतर आकार सारखा करायला चार ठोके पडतातच, त्यांचाही ताण राहतो. म्हणून शेवटी ओटीजीत (स्वयंपाकघरातल्या विजेच्या ओव्हनमध्ये) २५० अंशांवर तासभर ठेवा. कडकपणा जात नाही, ताण बराच निघतो. (घरच्यांना आधी सांगा. मी सांगितलं नव्हतं.) चामड्याचं म्यान असेल तर आतून कल्हई करून घ्या, नाहीतर पितळ कळकतं. पण ती ओटीजीनंतर. कथील २३२ अंशांनाच वितळतं.

बसवताना किंचित सैल ठेवा आणि आत लाख भरा.

चिरलेली तहनाळ आतून पट्टी डाखून वाचेल. फक्त आधी ती सगळी सावकाश, सारखी तापवा. एकाच जागी ज्योत धरलीत तर चीर डोळ्यांदेखत पुढे जाईल.