पिस्तूल काउंटरवर निवडू नकोस

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र काल मिळाले. दुकानदाराने दाखवलेल्या दोन पिस्तुलांपैकी कोणते घेऊ, एवढेच तू विचारले आहेस, आणि माझे उत्तर असे आहे की अजून कोणतेच घेऊ नकोस. तुझ्या निर्णयाला माझा विरोध आहे असे समजू नकोस. रात्री उशिरा त्या चार मजली पार्किंगमधून एकटीला गाडीपर्यंत जावे लागते, हे तू लिहिले आहेस आणि मला ते पटते. परंतु काचेच्या काउंटरवर, विक्रेत्यासमोर, दोन मिनिटे हातात धरून जे आवडते ते पुढे कमरेला लावता येते आणि त्यातून नेम बसतो असे क्वचितच घडते. ह्यूस्टनमध्ये टेक्सासच्या पिस्तूल-परवान्याचे वर्ग घेताना मी जी माणसे पाहिली, त्यांतल्या पुष्कळांचे पहिले पिस्तूल वर्षभरात कपाटात जाऊन पडलेले होते. माझेही तसेच झाले होते. ते पुढे सांगतो.

आधी कायद्याची एक गोष्ट. तू एच-१बी व्हिसावर होतीस तोवर मी हा विषय मुद्दाम टाळत होतो, कारण अमेरिकेच्या संघीय कायद्याप्रमाणे तात्पुरत्या व्हिसावरील व्यक्तीला, शिकारीच्या परवान्यासारखे थोडे अपवाद सोडले तर, बंदूकच काय, पण काडतूसही बाळगता येत नाही. ग्रीन कार्ड आल्यामुळे तुझी ती अडचण संपली, पण तुझ्याबरोबर राहणारी मैत्रीण अजून व्हिसावर आहे. तिला हौसेने नेमबाजीच्या रेंजवर आणून हातात पिस्तूल देऊ नकोस, आणि तुझे पिस्तूल घरात कुलपाच्या पेटीत राहील, त्या पेटीची किल्ली तिच्याकडे नसेल, याची व्यवस्था पहिल्या दिवसापासून कर. दुकानात जो ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरावा लागतो त्यात खरा खरेदीदार तूच आहेस का, असे विचारलेले असते. तेव्हा दुसऱ्या कोणासाठी आपल्या नावावर घेणे किंवा आपल्यासाठी दुसऱ्याला घ्यायला लावणे, दोन्ही गुन्हेच आहेत.

टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून एकवीस वर्षांवरील, कायद्याने अपात्र न ठरलेल्या माणसाला परवान्याशिवायही पिस्तूल बाळगता येते, म्हणून परवान्याची गरजच काय, असे तुला कोणीतरी सांगेल. तरीही परवाना काढ. टेक्सासच्या बाहेर कितीतरी राज्यांत तो चालतो, आणि शाळेच्या आवारापासून हजार फुटांच्या आतल्या रस्त्यांविषयी जो संघीय कायदा आहे, त्यात राज्याच्या परवानाधारकाला सूट आहे. शिवाय त्या निमित्ताने पन्नास गोळ्यांची परीक्षा द्यावी लागते: तीन यार्डांवरून वीस, सात यार्डांवरून वीस आणि पंधरा यार्डांवरून दहा, २५० पैकी १७५ गुण मिळाले की झाले. परीक्षा सोपी आहे. ती सोपी वाटली नाही, तर पिस्तूल चुकले किंवा सराव कमी पडला, एवढे तरी कळते.

आता पिस्तुलाविषयी. दुकानदाराने तुला जी दोन दाखवली, त्यांतले एक पाच गोळ्यांचे, घोडा आत झाकलेले छोटे रिव्हॉल्व्हर आहे आणि दुसरे ३८० कॅलिबरचे खिशात मावणारे पिस्तूल. बाई खरेदीला आली की हीच दोन पुढे सरकवायची, ही या धंद्यातली जुनी खोड आहे. लहान हाताला लहान हत्यार, असा त्यामागचा हिशेब आहे आणि तो साफ उलटा आहे. गोळी तीच असेल तर पिस्तूल जितके हलके, तितका हाताला बसणारा धक्का मोठा. आणि नळी जितकी आखूड, तितके मागची खाच आणि पुढची माशी यांच्यातले अंतर कमी, म्हणजे नेमातली बारीकशी चूकही कागदावर मोठी होऊन दिसते. त्या रिव्हॉल्व्हरचे वजन जेमतेम चारशे ग्रॅम आहे आणि त्याचा चाप इतका जड व लांब ओढावा लागतो, की नवख्याचे बोट अर्ध्यात थरथरू लागते आणि नळी खाली झुकते. वर्षानुवर्षे सराव केलेल्या माणसाच्या हाती ते फार विश्वासाचे हत्यार आहे. शिकणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

माझे पहिले पिस्तूल असेच होते. जेमतेम पावणेतीनशे ग्रॅमचे, तळहातात झाकले जाईल एवढे, शर्टाच्या खिशातही दिसू नये असे. दुकानात मी त्यावर खूश होतो. रेंजवर पहिली सहा गोळ्यांची मॅगझिन संपली तेव्हा अंगठा आणि तर्जनी यांच्यामधल्या कातडीवर दोन समांतर रेघा उठल्या होत्या, कारण माझी पकड जरा वर सरकली की स्लाइड, म्हणजे गोळी झाडली की झटक्याने मागे येणारा पिस्तुलाचा वरचा भाग, तिथे घासून जात असे. तिसाव्या गोळीनंतर मी प्रत्येक वेळी चाप ओढण्याआधीच डोळे मिटत होतो. पन्नासाचा खोका मी पुरा केला नाही. त्यानंतर ते पिस्तूल रोज खिशात घेऊन हिंडलो, पण सरावाला काही गेलो नाही. ज्याच्या सरावाचीच धास्ती वाटते ते हत्यार प्रसंगी कामाला येईल, असे मी आठ महिने स्वतःला समजावत होतो. दोष पिस्तुलाचा नव्हता. ते ज्या कामासाठी बनवले होते ते काम वेगळे होते.

म्हणून माझा सल्ला असा आहे की सुरुवात मधल्या आकारापासून कर आणि गोळी ९ मिलिमीटरचीच ठेव. ही गोळी विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीची आहे; मध्यंतरी एफबीआयने अधिक जाड गोळीकडे वळून पाहिले आणि पुन्हा ९ मिलिमीटरवर आली. धक्का सोसवतो, सरावाची काडतुसे सर्वांत स्वस्त मिळतात, आणि नव्या शिकाऊला दोन्ही गोष्टी सारख्याच महत्त्वाच्या आहेत. ग्लॉक १९ भाड्याने घेऊन बघ; सहाशे-सातशे ग्रॅमचे, पंधरा गोळ्यांचे, मांसल हाताला छान बसणारे, पण तुझ्या कमरेला ते जाड वाटण्याची शक्यता आहे. सिग सॉअरचे पी३६५ बघ. ते २०१८ साली बाजारात आले तेव्हा पाचशे ग्रॅमच्या एवढ्याशा पिस्तुलात दहा गोळ्या कशा बसवल्या याचेच लोकांना नवल वाटले होते. आणि स्मिथ अँड वेसनच्या ‘ईझी’ मालिकेतले एखादे बघ, कारण त्याची स्लाइड मुद्दाम हलकी केलेली आहे. स्लाइड ओढताना मनगटाच्या जोरावर ओढू नकोस. पिस्तूल छातीजवळ धरून, नळी समोर ठेवून, एका हाताने पुढे ढकल आणि दुसऱ्याने मागे खेच. मला शक्ती नाही, असे म्हणणाऱ्या निम्म्या लोकांची तक्रार एवढ्यानेच मिटते.

रेंजवर तिन्ही भाड्याने घेऊ. प्रत्येकाची मॅगझिन काढून, नळीतला खण डोळ्यांनी आणि करंगळीने तपासून, रिकामे असल्याची खात्री झाल्यावर ते लक्ष्याच्या दिशेला धर, डोळे मीट, हात आपसूक जिथे स्थिरावतील तिथे राहू दे आणि मग डोळे उघड. माशी खाचेत मधोमध दिसली तर मूठ तुझ्या हातासाठी आहे. माशी दरवेळी वर किंवा एका कडेला दिसली तर तुला त्या पिस्तुलाशी जन्मभर भांडावे लागेल. तर्जनीचे पहिले पेर चापावर सहज पोचते का, त्यासाठी पकड फिरवावी लागते का, मॅगझिन सोडण्याचे बटण अंगठ्याला लागते का, हेही तेव्हाच बघ. मग मंडळाच्या जेवणावळीत मिळते तसली कागदी थाळी सात यार्डांवर टांगून प्रत्येक पिस्तुलाने आधी पाच गोळ्या सावकाश आणि नंतर पाच जरा भरभर झाडायच्या. कोणत्या पिस्तुलाने गोळ्या एकमेकींच्या सर्वांत जवळ पडल्या, याला मी फारसे महत्त्व देत नाही. भरभर झाडलेल्या पाचही गोळ्या कोणत्या पिस्तुलाने थाळीत राहिल्या आणि दुसरी मॅगझिन भरावीशी तुला कशामुळे वाटली, हे मला पाहायचे आहे.

विकत घेतल्यावर लगेच त्यावर विसंबू नकोस. सरावाच्या निदान दोनशे गोळ्या, आणि रोज भरून ठेवायच्या त्या पोकळ टोकाच्या महागड्या गोळ्या निदान पन्नास, त्यातून गेल्याशिवाय ते कमरेला लावायचे नाही. पोकळ टोकाची गोळी कधीकधी नळीत शिरतानाच अडकते, आणि ती आपल्या पिस्तुलात अडकते का हे तिथेच कळलेले बरे. प्रत्येक मॅगझिनच्या तळाशी रंगाच्या पेनने आकडा घालून ठेव. काडतूस अडकले की कितव्या मॅगझिनमध्ये अडकले ते वहीत लिहायचे. अडचण एकाच आकड्यावर पुन्हा पुन्हा आली तर दोष मॅगझिनचा, सगळ्यांवर विखुरली तर पिस्तुलाचा, आणि फक्त तू दमल्यावर येऊ लागली तर ढिल्या मनगटाचा. आणखी एक बारीक गोष्ट, जी दुकानात कोणी सांगत नाही: रोज रात्री पिस्तूल रिकामे करून सकाळी तीच गोळी पुन्हा नळीत भरत राहिले, तर आपटून आपटून तिचे शिसे काडतुसात आत दाबले जाते आणि झाडताना दाब धोकादायक वाढतो. वरची गोळी दुसऱ्या गोळीशेजारी उभी करून अधूनमधून ताडून बघ. आखूड दिसली तर बाजूला काढ.

होल्स्टरसाठी, म्हणजे पिस्तूल कमरेला लावायच्या म्यानासाठी, पैसे वाचवू नकोस. चापाभोवतीचा भाग पूर्ण झाकणारे, पिस्तूल बाहेर काढल्यावरही तोंड उघडेच राहील असे कडक होल्स्टर हवे. पिस्तूल परत ठेवताना घाई करायची नाही, खाली बघायचे आणि शर्टाचे टोक आत अडकले नाही ना ते पाहायचे. आपल्याच मांडीत गोळी घुसण्याचा धोका नेमका त्या क्षणाला असतो. पर्समध्ये ठेवू का, असे तू विचारलेस. नको. पर्स खुर्चीला टांगली जाते, दुसऱ्याच्या घरी सोफ्यावर राहते, त्यांची लहान मुले ती उघडतात, आणि चोराला हवी असते तीच नेमकी पर्स असते.

घरी आठवडाभर रिकामे पिस्तूल कमरेला लावून वावर. भांडी घास, खालच्या फडताळातला दुधाचा गॅलन उचल, बुटांच्या नाड्या बांध, ह्यूस्टनबाहेरच्या केटीहून ऑफिसपर्यंतचा तासाभराचा रस्ता सीटबेल्ट लावून बसल्यासारखी खुर्चीत बस. कुडता घालत असशील तर आरशासमोर पंखा लावून बघ: बाजूच्या चिरेतून वाऱ्याने कापड उडाले की कमरेच्या उजवीकडचे सगळे दिसते, हे मला एका विद्यार्थिनीने दाखवून दिले, मला स्वतःला ते कधी सुचले नसते. नाडीच्या सलवारीला वजन पेलवत नाही. तिच्यासाठी पोटाला बांधायचा रुंद पट्टा मिळतो, मात्र चाप झाकणारा कडक भाग त्यातही असलाच पाहिजे.

कुठे नेता येणार नाही, हे पाठ करून ठेव. शाळेच्या इमारतीत नाही, म्हणजे शाळेचे सभागृह भाड्याने घेऊन होणाऱ्या गणेशोत्सवातही नाही आणि रविवारच्या मराठी शाळेतही नाही. पोस्टात नाही. दारावर लाल रंगात ‘५१%’ लिहिलेली पाटी असेल तिथे, म्हणजे मुख्यतः दारू विकणाऱ्या बारमध्ये, नाही. वाइनचा ग्लास घेणार असशील त्या संध्याकाळी तर पिस्तूल घरीच, पेटीत. गाडी चालवताना कोणावर चिडून हॉर्न वाजवण्याची तुझी सवय मी पाहिली आहे. तीही आता सोडावी लागेल.

आणि रेंजची पिशवी वेगळी ठेव. इथल्या सरावानंतर बॅगेच्या अस्तरात राहून गेलेले एक काडतूस मुंबईच्या विमानतळावर सापडले, तर १९५९च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदतात; चुकून राहिले हे सिद्ध करून सुटका होतेही, पण तोवर सुट्टी आणि वकिलाची फी दोन्ही गेलेली असतात. जी पिशवी रेंजवर गेली ती पुण्याला जाणार नाही, असा नियमच कर.

शनिवारी सकाळी नऊला ये. चष्मा आणि कानांचे संरक्षण मी आणतो, तुझ्यासाठी दोन थरांचे, कारण आतल्या रेंजवर शेजारचा रायफल झाडू लागला तर नवखे माणूस आवाजानेच दचकते. बूट बंद घाल आणि टी-शर्ट गळाबंद. बाहेर उडणारे रिकाम्या काडतुसाचे पितळ तापलेले असते आणि ते नेमके गळ्यातून आत शिरते. तसे झालेच तर नाच, पण आधी पिस्तूल समोरच्या फळीवर ठेव. निघताना हात आणि तोंड थंड पाण्याने धुवायचे, शिसे लागलेले असते, त्यानंतरच नाश्ता. तो माझ्याकडून.

तुझा,
काका

ता. क. पैसे भरून टाकले असतील तर तसे खरे सांग. पिस्तूल अजून ताब्यात घेतले नसेल तर व्यवहार मोडता येतो का ते आपण दोघे जाऊन विचारू.