मकरेकर आणि चिखलफेक

प्रश्न असा : विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत बड्यांचे गैरव्यवहार उघड करणाऱ्या ज्या पत्रकारांना ‘मकरेकर’ (‘मक’ ओढणारे ‘रेक’वाले) म्हणत, त्यांना मराठीत ‘चिखलफेक करणारे’ म्हणावे का? आणि हा शब्द शिवी आहे की शाबासकी?

चिखलफेक? अजिबात नाही. हे भाषांतर हल्ली अग्रलेखांतसुद्धा दिसते आणि दर वेळी पित्त खवळते. चिखल कुठलाही चालतो. नसला तर पाणी ओतून करता येतो. रेक म्हणजे मात्र आपले दंताळे. दंताळ्याने काही फेकता येत नाही, फक्त ओढता येते, आणि तेही जे आधीपासून तिथे पडलेले आहे तेच. आयडा टार्बेल या पत्रकार बाईने नेमके हेच केले. 1902 च्या नोव्हेंबरपासून ‘मॅक्ल्यूर्स’ मासिकात तिची स्टँडर्ड ऑइल या रॉकफेलरच्या तेल कंपनीवरची लेखमाला सुरू झाली. तिचा मुख्य आधार म्हणजे कोर्टातल्या साक्षी, चौकशांचे अहवाल आणि करारांचे कागद. 1872 ची ‘साउथ इम्प्रूव्हमेंट कंपनी’ची योजना बघा. रेल्वेने रॉकफेलरच्या गोटाला भाड्यात सूट द्यायची, हे एक वेळ समजू. पण गोटाबाहेरच्या तेलवाल्याने भरलेल्या भाड्यातला हिस्साही याच गोटाला पोचवायचा! तुमची पिंपे जितकी जास्त हलतील तितकी वैऱ्याची थैली फुगणार. पेनसिल्व्हेनियातले तेलवाले खवळून उठले आणि योजना अमलात येण्याआधीच कोसळली. यात टार्बेलने पदरचा चिखल कुठे घातला, ते मला दाखवा.

आता खरी गंमत ‘मक’मध्ये आहे. मक म्हणजे चिखल नव्हेच, शेणखत. शब्द बहुधा नॉर्स, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियन लोकांकडून इंग्रजीत आला. त्यांच्याकडे ‘मिकी’ म्हणजे गाईचे शेण. जुन्या भारोपीय कोशकारांनी त्याच्यामागे ‘निसटणे, बुळबुळीत असणे’ अशा अर्थाचा धातू कल्पिला आणि त्याच धातूखाली आपला संस्कृत ‘मुच्’ही बसवला. ‘मुञ्चति’, म्हणजे सोडतो. त्यातूनच मुक्त, मुक्ती, मोक्ष. म्हणजे शेण आणि मोक्ष एकाच घरातले! नव्या पिढीचे पंडित इथे नाक मुरडतात, दोन धातू वेगळे काढतात आणि प्रश्नचिन्ह ठेवून मोकळे होतात. (‘मोकळे’ हाही त्याच कुळातला, हे त्यांच्या ध्यानात येत नसावे.) ओल्या गोठ्यात शेणावरून ज्याचा पाय एकदा सटकला आहे, त्याला ‘निसटणे’ आणि ‘शेण’ यांचे नाते कोशात शोधावे लागत नाही. माझे मत जुन्यांच्या बाजूने.

मकरेक हे अवजार साहित्यात गाजवले ‘पिल्ग्रिम्स प्रोग्रेस’ या धार्मिक रूपककथेचा इंग्रज लेखक जॉन बन्यनने. हा तोच बन्यन, ज्याच्या या ग्रंथाला हरी केशवजींनी 1841 मध्ये ‘यात्रिक क्रमण’ म्हणून मराठीत आणले. मूळ ग्रंथाच्या 1684 च्या दुसऱ्या भागात एक माणूस दिसतो. हातात दंताळे, नजर जमिनीला खिळलेली. डोक्यावर कुणी स्वर्गीय मुकुट धरून उभा आहे आणि ‘दंताळे टाक, हा घे’ म्हणतो आहे. हा बाबा मान वर न करता काड्या, काटक्या आणि धूळ ओढत बसलेला. बन्यनच्या लेखी हा प्रपंचात गळ्यापर्यंत रुतलेला धनलोभी. पुढे तर ‘मला श्रीमंती देऊ नकोस’ ही प्रार्थना वापराविना गंजली आहे, असा टोमणाही येतो. मग सांगा, दंताळे कुणाच्या हाती शोभते, टार्बेलच्या की रॉकफेलरच्या?

अध्यक्ष थिओडोर रूझवेल्टनी 14 एप्रिल 1906 च्या वॉशिंग्टनमधल्या भाषणात ते पत्रकारांच्या हाती दिले. निमित्त डेव्हिड ग्रॅहम फिलिप्स या पत्रकाराच्या लेखमालेचे. सिनेटचे सभासद भांडवलदारांचे मिंधे आहेत, असा तिचा रोख, आणि पहिलाच नंबर लागला न्यूयॉर्कच्या सिनेटर डेप्यू यांचा, जे रूझवेल्टच्याच पक्षाचे. तेव्हा सिनेटरांची निवड राज्यांची विधिमंडळे करत. थेट मतदान 1913 च्या सतराव्या घटनादुरुस्तीने आले. ‘रूझवेल्टनी पत्रकारांचा गौरव केला’ असे काही जण ठोकून देतात. त्यांनी ते भाषण वाचलेले नाही. ‘रूझवेल्टनी नुसती शिवी दिली’ म्हणणाऱ्यांनीही ते अर्धेच वाचले आहे. दंताळेवाले समाजाला अनेकदा अत्यावश्यक असतात, फक्त थांबायचे केव्हा हे त्यांना कळले पाहिजे, असे ते म्हणाले. आणि अडीच महिन्यांत, 30 जूनला, त्यांनीच मांस-तपासणीचा आणि शुद्ध अन्न-औषधांचा असे दोन कायदे सहीनिशी मंजूर केले. ही दोन्ही शेणे दंताळेवाल्यांनीच ओढून बाहेर काढलेली.

हां, मराठी प्रतिशब्द राहिलाच. ‘शोधपत्रकार’ फार धुतलेला, वास येत नाही. ‘उकिरडा उपसणारे’ लिहा, नाहीतर सरळ ‘मकरेकर’. चिखलफेक निवडणुकीच्या सभांना लागते, तिथेच राहू द्या.