साधं केलं तर लोक म्हणतील, "एवढंच?"

हाताने काही घडवणारी माणसं समुपदेशनासाठी माझ्याकडे येतात तेव्हा बोलता बोलता एक काळजी हटकून निघते. भरतकाम करणारी असो, मातीची भांडी करणारा असो, नाहीतर केकवर फुलं काढणारी. पहिली काही वर्षं गच्च भरलेलं काम करण्यात जातात. मग कधीतरी हात आवरायला लागतो, मोकळी जागा आवडायला लागते आणि त्याच सुमारास धास्ती बसते. माझ्याकडचं संपलं की काय? मी कामचुकार झाले का? आणि एवढ्याशासाठी लोक पैसे का मोजतील?

हीच काळजी घेऊन आलेल्या, चांदीचे दागिने करणाऱ्या एका बाईंची ही गोष्ट. त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि नावही घालत नाही.

त्यांचं सासर हुपरीचं. कोल्हापूर जिल्ह्यातलं हे गाव चांदीवर जगतं. घरोघरी पैंजणांचं काम चालतं आणि घुंगरं जोडायला घरातल्या बायकाही बसतात. लग्नानंतर या बसल्या. सासऱ्यांच्या हाताखाली तार ओढायला, पत्रा ठोकायला, डाग द्यायला, म्हणजे तापवून सांधे जोडायला शिकल्या. पुढे स्वतःची डिझाइनं करून पुण्या-मुंबईच्या प्रदर्शनांत स्टॉल लावायला लागल्या. भरगच्च काम हीच त्यांची ओळख झाली: रवे म्हणजे चांदीचे बारीक गोल दाणे, पानं, पिळाची तार, खाली घुंगरांची झालर आणि मध्ये लाल खडा.

माझ्याकडे आल्या तेव्हा एक हार बरेच दिवस त्यांच्या टेबलावर पडून होता. गुळगुळीत पत्र्याची एक चंद्रकोर आणि तिला धरणारी तार, बस्स. त्यांच्या मते हार पूर्ण झाला होता, पण तसं जाहीर करायचं धाडस होत नव्हतं. सासरे, म्हणजे त्यांचे मामा, येता-जाता बघून म्हणायचे, "ह्ये अर्ध्यातच सोडलंस व्हय गं?"

"मॅडम, मला आता काही लावावंसंच वाटत नाही," त्या म्हणाल्या. "आधी पेंडंट हातात घेतलं की दहा गोष्टी सुचायच्या. आता वाटतं, राहू दे असंच."

हे ऐकून समुपदेशकाने लगेच साधेपणाचं कौतुक सुरू करू नये. काही करावंसं न वाटणं हे नैराश्याचंही लक्षण असतं. म्हणून आधी तेच तपासलं. झोप आणि भूक कशी आहे, पूर्वी आवडणाऱ्या बाकीच्या गोष्टींतला रस गेलाय का, स्वतःला दोष देणं वाढलंय का, जगणं नकोसं वाटतं का, आणि हे सगळं दोन आठवड्यांहून जास्त चाललंय का. त्यांची झोप बिघडलेली होती, पण ती प्रदर्शन जवळ आलं की. रस मात्र शाबूत होता. कानातल्याच्या आकड्याचा बाक कसा असावा, यावर त्या इतक्या रंगून बोलल्या की भेटीची वेळ संपली तरी विषय संपेना. रस आटलेल्या माणसाला आकड्याच्या बाकाचं एवढं पडलेलं नसतं. तुमची उत्तरं मात्र "हो, हो" अशी येत असतील तर कलेचा प्रश्न बाजूला ठेवा आणि आधी मनोविकारतज्ज्ञांना भेटा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.

दुसरी शंका पैशाची. २०२५ मध्ये चांदी किलोला लाखाच्या वर गेली आणि चढतच राहिली. भाव वाढला म्हणून मन काटकसरीला सौंदर्य समजायला लागलंय, असं तर नाही? त्यांनी हिशेबाची वही उघडून दाखवली. साधी कडी उलट जास्त वजनाची भरत होती, कारण पोकळ नक्षीच्या जागी भरीव तार आली होती. म्हणजे ही शंकाही फिटली.

मग मी त्यांना तो हार आणि आधी विकलेल्या कामाचे फोटो घेऊन यायला सांगितलं. एकेका फोटोतल्या एकेका भागावर बोट ठेवत एवढंच विचारत गेले, "हे कशासाठी लावलं?" सुरुवातीची उत्तरं सरळ आली. हे घुंगरू आवाजासाठी. ही दोन पानं खालचा भार तोलायला. मग हा रवा? त्या जरा थांबल्या. "इथे डाग नीट बसला नव्हता, तो झाकायला." ही पिळाची तार? "नाहीतर लोकांना कास्टिंगचा माल वाटेल." ही झालर? "शेजारच्या स्टॉलवर होती." आणि खडा? "तो मामांसाठी. नसता तर विचारलं असतं त्यांनी."

बऱ्याचशा गोष्टी दागिन्याला हव्या होत्या म्हणून आल्याच नव्हत्या. कुणी प्रश्न विचारू नये म्हणून आल्या होत्या. माझ्या मते या कामातली खरी गाठ इथे आहे. साधं चांगलं की नक्षीदार चांगलं, हा वाद समुपदेशकाच्या खोलीत सोडवण्यासारखा नाही आणि सोडवायची गरजही नाही. प्रत्येक जोड कुणाला उत्तर देण्यासाठी केली आहे, हे बघितलं की पुढचं बरंच सुटतं.

त्यांची भीती खोटी आहे असं मी म्हटलं नाही, कारण ती खोटी नाही. मेहनत डोळ्यांना दिसली की माणूस वस्तूला जास्त मान देतो. मानसशास्त्रज्ञ जस्टिन क्रुगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली यावर प्रयोग प्रसिद्ध केले. कविता तीच, चित्र तेच. पण याला जास्त तास लागले असं ज्यांना सांगितलं, त्यांना ते अधिक चांगलं वाटलं. आणि काढून टाकणं तर आपल्याला चटकन सुचतच नाही. २०२१ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांचा अभ्यास आला. लेगोच्या ठोकळ्यांचं एक छप्पर एकाच ठोकळ्यावर डुगडुगत होतं. ते पक्कं करायचं होतं आणि नवा ठोकळा लावला तर प्रत्येकी १० सेंट कापले जाणार होते. तो एकटा ठोकळा काढला की छप्पर खाली नीट बसत होतं, तेही फुकटात. हे फक्त ४१ टक्के लोकांना सुचलं. काढण्याचे पैसे पडत नाहीत, एवढी आठवण करून दिल्यावर हा आकडा ६१ टक्क्यांवर गेला. हे ऐकून बाई हसल्या. "म्हणजे मला ती आठवण आपोआप व्हायला लागली, एवढंच झालंय तर."

तरी भीती अभ्यास ऐकून जात नाही. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या समुपदेशनाच्या पद्धतीत माणूस स्वतःवर लादत असलेला हट्ट आधी शब्दांत पकडतात. बाईंचा हट्ट असा निघाला: माझी मेहनत समोरच्याला बघताक्षणी दिसलीच पाहिजे, नाही दिसली तर मी कारागीर कसली? मेहनत दिसावी ही इच्छा रास्तच आहे. ती दिसली नाही तर आपण कुणीच नाही, हा जो पुढचा भाग आहे त्याच्यावर आम्ही बऱ्याच भेटी घालवल्या.

यात मला त्यांच्याकडून शिकायला मिळालं ते चांदीचं. बाहेरून वाटतं, साधं काम म्हणजे कमी काम. ९२५ चांदीत साडेसात टक्के दुसरा धातू असतो, बहुतेक वेळा तांबं. तापवलं की या तांब्यामुळे पृष्ठभागावर काळपट, लालसर छटा बसते. नक्षीत ती दडते, ऑक्सिडाइज केलेल्या कामात तर शोभून दिसते. गुळगुळीत पत्र्यावर मात्र ती सगळी घासून काढावी लागते. डागाची रेघ, कानशीचा ओरखडा, चिमट्याचा वळ, झाकायला जागाच नाही. चारशे नंबरच्या पॉलिश पेपरपासून बाराशेपर्यंत चढत जायचं आणि वर पोचल्यावर एक ओरखडा दिसला की पुन्हा खाली यायचं. सगळ्यात जास्त वेळ खाणाऱ्या त्यांच्या वस्तूवर मेहनतीची एकही खूण नव्हती. त्यांना खटकत होतं ते हे. कल्पना संपण्याची भीती वरवरची होती. खरं दुःख होतं की राबायचं आपण आणि दिसायचं काहीच नाही.

घरातली कुरबूर मामांशी होती. त्यांच्या लेखी हे सगळं शहरी लोकांचं फॅड. या आरोपाचं उत्तर बाईंनीच शोधलं. सासूबाईंच्या हातातले गोठ दाखवून त्या म्हणाल्या, "ह्याच्यावर कुठाय नक्षी?" खरंच आहे. पाटल्या-तोड्यांबरोबर बिननक्षीचे गोल गोठ पिढ्यान्‌पिढ्या घातले गेले, बाळाच्या पायात साधे वाळे आले, गळ्यात एकदाणी आली. एके दिवशी मामांनी नवं साधं कडं हातात घेतलं, आतून-बाहेरून नख फिरवून बघितलं आणि विचारलं, "डाग कुठं दिलायस ह्याचा?" आयुष्यभर डाग देणाऱ्या माणसाला डाग सापडला नाही, याहून मोठी दाद त्या घरात मिळत नाही. अर्थात मामा ते मामाच. लगेच म्हणाले, "तरी दोन रवं टाकलं असतंस तर?"

पुढच्या प्रदर्शनासाठी आम्ही एक प्रयोग ठरवला. स्टॉलचा एक कोपरा फक्त साध्या कामाला द्यायचा. काय घडेल याचा अंदाज आधी लिहून ठेवायचा. आणि महत्त्वाचं म्हणजे "हे जरा साधंच आहे हं" असं आपण होऊन म्हणायचं नाही. या शेवटच्या अटीला त्या सगळ्यात जास्त घाबरल्या. त्यांनी लिहिलं: लोक हसतील, वजन विचारतील, कुणी घेणार नाही. हसलं कुणी नाही. वजन बऱ्याच जणांनी विचारलं. "एवढ्याशा कड्याला एवढी मजुरी?" हेही ऐकावं लागलं आणि ते लागलंही. काही कडी गेली, नेहमीच्या झुमक्यांपेक्षा कमीच. गल्ला काही सुधारला नाही. पण लिहिलेला अंदाज आणि घडलेली गोष्ट शेजारी ठेवल्यावर त्यांना कळलं, की "कमी विकलं" आणि "मी संपले" यांत बरंच अंतर आहे.

इथे गोष्ट सरळ सुखाच्या वाटेला लागली असती, पण तसं होत नाही. काही महिन्यांनी त्या उलट्या टोकाला गेल्या. आता प्रत्येक वस्तूतून काहीतरी काढायचंच, असा सपाटा. एका साखळीचा जाडसर फासा त्यांनी नाजूक केला आणि ती साखळी गिऱ्हाइकाच्या गळ्यातून सुटून पडली. एका जुन्या डिझाइनमधली रव्यांची ओळ त्यांना मनापासून आवडायची; तीही "जुनं वाटतं" म्हणून काढली आणि मग ते कानातलं करावंसंच वाटेना. हट्ट तोच, फक्त कपडे बदलून आलेला. आधी मेहनत दिसलीच पाहिजे होतं, आता साधेपणा दिसलाच पाहिजे. मी पुन्हा तोच जुना प्रश्न विचारला, उलटा करून: हे कशासाठी काढलं? फासा परत जाड झाला. रव्यांची ओळ परत आली.

अशाच वळणावर असलेल्या वाचकांना एक व्यवहाराचं सांगते. साध्या कामाकडे जाताना उत्पन्न काही काळ घटू शकतं, आणि पोटाची चिंता असताना मनाला कसलाही प्रयोग झेपत नाही. जुन्या पद्धतीच्या ऑर्डरी एकदम बंद करू नका. बाईंनी लेबलवर चांदीचं वजन आणि मजुरी वेगवेगळी लिहायला सुरुवात केली. कुणी विचारलं तर डाग आणि पॉलिशबद्दल दोन वाक्यांत सांगतात, घासाघीस सुरू झाली की थांबतात. घरच्या माणसांनाही सांगणं आहे: "अर्धवट वाटतं" असं म्हणण्याआधी "झालं का?" असं विचारा. उत्तर करणाऱ्याला देऊ द्या.

भरगच्च काम त्यांनी सोडलेलं नाही आणि सोडावं असं मीही कधी सुचवलं नाही. लग्नसराईसाठी त्यांनी एका नवरीच्या कोल्हापुरी साजाची ऑर्डर घेतली आहे, सोन्याचं पाणी दिलेल्या चांदीत. साजाला २१ पानं: दहा दशावतारांची, आठ अष्टमंगलाची, दोन माणिक-पाचूची आणि एक डोरलं. हे कशासाठी आणि ते कशासाठी, याची उत्तरं तिथे आधीपासून ठरलेली आहेत. त्यातलं एकही पान कमी करायचा त्यांचा विचार नाही, आणि मामा यंदा त्यांच्यावर खूश आहेत.