कायदा विचारा : कामावर जखम झाली, मालक म्हणतो ‘सही कर’

कामावरच्या दुखापतींबद्दल आलेल्या पत्रांपैकी पाच इथे घेतली आहेत. आधी एक खुलासा. 21 नोव्हेंबर 2025 पासून कर्मचारी भरपाई कायदा 1923 आणि कामगार राज्य विमा (ईएसआय) कायदा 1948 यांची जागा सामाजिक सुरक्षा संहिता 2020 ने घेतली. पण भरपाईचा हक्क अपघाताच्या दिवशी जो कायदा असतो त्यावर ठरतो. खालचे सगळे अपघात त्या तारखेच्या आधीचे आहेत, म्हणून कलमं जुन्या कायद्यांची दिली आहेत.

भोसरीत सात कामगारांच्या वर्कशॉपमध्ये मी पॉवर प्रेस चालवतो. वय 30, पगार 16,500. जून 2025 मध्ये उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट मुळापासून गेलं. दवाखान्याचं बिल मालकाने भरलं. आता तो 40,000 रुपये देऊन स्टँपपेपरवर ‘माझी काही तक्रार नाही’ अशी सही मागतोय. मशीनवर गार्ड (हात आत जाऊ नये म्हणून लावायचं सुरक्षेचं आवरण) नव्हतं, म्हणजे चूक तुझीच, असंही म्हणतो. ईएसआय नाही.

सही करू नका. आधीच करून बसला असाल तरी सगळं संपलं असं नाही. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार भरपाई कायद्याच्या कलम 17 प्रमाणे रद्दबातल असतो. खरोखर तडजोड करायचीच असेल तर ती कर्मचारी भरपाई आयुक्तांकडे नोंदवावी लागते आणि रक्कम अपुरी वाटली तर आयुक्त नोंदणी नाकारू शकतात. मालक नोंदणीचं नाव काढत नाही, यातच काय ते समजा.

आता आकडा. हिशेबात पगार जास्तीत जास्त 15,000 धरला जातो (3 जानेवारी 2020 पासूनची मर्यादा). त्याचे 60 टक्के म्हणजे 9,000. वय 30 साठी कायद्याच्या परिशिष्टातला गुणक 207.98. गुणाकार 18,71,820, ही पूर्ण कायमच्या अपंगत्वाची रक्कम. एका हाताची दोन बोटं गेल्यास परिशिष्टात 20 टक्के धरले आहेत, म्हणजे 3,74,364 रुपये. पुढे केलेले 40,000 याच्या नवव्या हिश्श्याएवढेही नाहीत. मालकाने भरलेलं दवाखान्याचं बिल यातून वजा होत नाही. उपचाराचा खर्च त्याने वेगळा द्यायचा असतो. महिन्याभरात रक्कम दिली नाही तर वर 12 टक्के सरळव्याज आणि सबळ कारण नसेल तर 50 टक्क्यांपर्यंत दंड.

सगळ्यात जास्त गडबड होते ती डॉक्टरांच्या दाखल्यात. ‘बोटांना इजा’ एवढंच लिहिलेला दाखला जवळजवळ निरुपयोगी. कोणतं बोट, कोणत्या पेरापासून गेलं, हाड गेलं का, हे लिहून घ्या. तर्जनी अख्खी गेली तर 14 टक्के, दोन पेरं गेली तर 11, एकच पेर गेलं तर 9. हाड शाबूत राहून नुसतं टोक गेलं तर 5. एका शब्दाने हजारोंचा फरक पडतो. दवाखान्यातली पहिली नोंदही पाहा. ठेकेदार किंवा सुपरवायझर सोबत आला असेल तर केसपेपरवर ‘घरी पडून’ असं लिहिलेलं सापडतं आणि पुढे उलटतपासणीत तोच कागद समोर येतो. तसं काही असेल तर आजच रुग्णालयाला लेखी अर्ज देऊन पोच घ्या.

गार्डचं. मालकाला सुटका हवी असेल तर गार्ड तुम्ही स्वतः, ते सुरक्षेसाठी आहे हे माहीत असताना, मुद्दाम काढलंत हे त्यालाच सिद्ध करावं लागेल. बहुतेक शेडमध्ये उलटंच असतं: माल पटापट निघावा म्हणून गार्ड महिनोन्महिने कोपऱ्यात पडलेलं, दोन हातांनी दाबायच्या बटणांपैकी एक चिकटपट्टीने दाबून ठेवलेलं. साथीदाराकडून मशीनचे फोटो घ्या. गार्डच्या बोल्टची भोकं ग्रीस आणि धुळीने बुजलेली असतील तर ती जवळून टिपा. गार्ड कालपरवा निघालेलं नाही हे त्यातून दिसतं. सात माणसांच्या शेडला कारखाने कायदा सहसा लागत नाही, त्यामुळे फॅक्टरी इन्स्पेक्टरच्या अहवालाची वाट पाहत बसू नका.

मालकाला रजिस्टर पोस्टाने नोटीस द्या: नाव, पत्ता, अपघाताची तारीख, ठिकाण, कारण. मग आयुक्तांकडे नमुना ‘एफ’ मध्ये अर्ज. मुदत अपघातापासून दोन वर्षं. मालकाची विमा पॉलिसी असेल तर विमा कंपनीलाही सामनेवाला (विरुद्ध पक्ष) करा. रक्कम आणि व्याज कंपनीकडून वसूल होऊ शकतं, दंड मात्र मालकाच्याच खिशातून. आणि प्रेसचं काम आता तुम्हाला जमतच नसेल तर तेही अर्जात लिहा. डावा हात कोपराच्या वरून गेलेल्या एका सुताराला सर्वोच्च न्यायालयाने सत्तरच्या दशकात पूर्ण अपंगत्वाची भरपाई दिली, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. दोन बोटांच्या बाबतीत तेवढं मिळेलच असं नाही, पण मुद्दा सोडू नका.

चाकणच्या कंपनीत ठेकेदारामार्फत लागलो. चौथ्याच दिवशी पायावर डाय (प्रेसचा लोखंडी साचा) पडून हाड मोडलं. दीडशे कामगार आहेत, पगार 17,000. ठेकेदार म्हणतो, ईएसआयमध्ये तुझं नाव अजून चढलं नव्हतं.

तुमची वाट आयुक्तांकडे नाही, ईएसआयकडे जाते. दहा किंवा जास्त माणसं आणि पगार 21,000 पर्यंत, म्हणजे तुम्ही विमित. कामावरच्या इजेसाठी ठरावीक दिवस वर्गणी भरलेली असावी अशी अट नाही. पहिल्या दिवसापासून संरक्षण असतं. नोंदणी राहिली हा मालकाचा दोष, त्याची वसुली ईएसआय महामंडळ त्याच्याकडून करतं.

ठेकेदाराकडून आणि कंपनीकडून नमुना 12 मधला अपघात अहवाल ईएसआय शाखेत गेला का ते विचारा. गेला नसेल तर गेटपास, हजेरीचा फोटो आणि केसपेपर जोडून तुम्हीच शाखा व्यवस्थापकाला लेखी कळवा. रजेच्या काळात सुमारे 90 टक्के पगार मिळतो, पण ईएसआय डॉक्टरच्या सर्टिफिकेटवर. खासगी डॉक्टरची चिठ्ठी तिथे अडते. व्यंग राहिलं तर वैद्यकीय मंडळ टक्के ठरवतं आणि त्यावर दरमहा रक्कम मिळते.

ईएसआय लागू असताना आयुक्तांकडे भरपाईचा दावा लावला तर ईएसआय कायद्याचं कलम 53 आड येतं. दोन-तीन वर्षं तारखा खाऊन अर्ज फेटाळला गेला, असं फार वेळा होतं. म्हणून वकिलाला पहिल्या भेटीत ‘ईएसआय आहे का’ हे तुम्हीच सांगा.

नवरा पुण्यात बांधकामावर स्लॅबवरून पडून गेला. वय 35. ठेकेदाराने 50,000 रोख दिले आणि अंगठा घेतला. मी मुलांना घेऊन जालन्याला सासरी आहे. केस पुण्यातच करावी लागेल का?

नाही. वारसदार जिथे राहतात तिथल्या आयुक्तांकडेही अर्ज करता येतो, म्हणजे जालन्यात.

मृत्यूची भरपाई मालकाने थेट हातात द्यायचीच नसते, ती आयुक्तांकडे जमा करायची असते. हातात दिलेल्या पैशांपैकी फार तर तीन महिन्यांच्या पगाराएवढी आगाऊ रक्कम वजा होऊ शकते; बाकी रकमेने त्यांची जबाबदारी फिटत नाही. पगार 15,000 किंवा जास्त असेल तर हिशेब असा: 15,000 चे निम्मे 7,500, गुणिले वय 35 चा गुणक 197.06, म्हणजे 14,77,950 रुपये. अंत्यविधीचा खर्च वेगळा. ठेकेदार गायब झाला तरी भरपाई कायद्याच्या कलम 12 प्रमाणे मूळ मालक, इथे बिल्डर, जबाबदार धरता येतो. दोघांनाही सामनेवाला करा.

कागद: पोलिसांचा अकस्मात मृत्यूचा अहवाल, घटनास्थळ पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, मृत्यू दाखला, वयाचा पुरावा. पगाराची चिठ्ठी नसणारच. यूपीआयने आलेले पैसे, खर्चीची (उचलीची) वही, सोबतच्या मिस्त्रीची साक्ष चालते. सासूबाई विधवा असतील तर त्याही वारस ठरतात, त्यांचं नाव गाळू नका, पुढे तंटा होतो. नवऱ्याची बांधकाम कामगार मंडळात नोंदणी चालू होती का तेही पाहा. कामावरच्या मृत्यूसाठी मंडळाचे 5 लाख याहून वेगळे आहेत.

पहाटेच्या पाळीला जाताना रस्त्यात अपघात झाला. तो ‘कामावरचा’ धरतात का?

धरला जाऊ शकतो. धाराशिव भागातल्या साखर कारखान्याचा वॉचमन 2003 मध्ये पहाटे तीनच्या ड्युटीला जाताना वाटेत दगावला. उच्च न्यायालयात त्याच्या घरचे हरले, पण सर्वोच्च न्यायालयाने 29 जुलै 2025 ला भरपाई कायम केली. अट एवढीच की वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा नोकरीशी संबंध दिसला पाहिजे. पाळीचा तक्ता आणि नेहमीचा रस्ता सिद्ध करा. वाटेत लग्नाला वळून गेलात तर अवघड.

वकील मिळणाऱ्या रकमेतले 30 टक्के मागतो. हे बरोबर आहे का?

निकालाच्या रकमेत टक्केवारी ठरवणं वकिलांच्या आचारनियमांत बसत नाही. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा. औद्योगिक कामगार, महिला, अपंग व्यक्ती, अनुसूचित जाती-जमाती यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, फोन 15100. आयुक्तांपुढे नोंदणीकृत युनियनचा पदाधिकारीही तुमच्या वतीने उभा राहू शकतो, आणि लिहिता येत नसेल तर अर्ज आयुक्तांच्या देखरेखीखाली लिहून घेण्याची तरतूद आहे. वकील कोणताही असो, कोऱ्या चेकवर किंवा पैसे काढण्याच्या स्लिपवर आधी सही देऊ नका. रक्कम थेट तुमच्या बँक खात्यात जमा व्हावी, असं अर्जातच मागा आणि पासबुकाची झेरॉक्स जोडा.