'म्हातारा' म्हटलं तर बिघडलं कुठे? एका पिकल्या केसांच्या लढवय्याची शब्दचर्चा

प्रश्न थोडक्यात असा आहे. एक वाचक इंग्लंडमध्ये इसवी सन 991 मध्ये झालेल्या मॉल्डनच्या लढाईवर मराठीत ऐतिहासिक दीर्घकथा लिहीत आहेत. नायक आहे ब्रिथनॉथ, एसेक्स प्रांताचा 'एल्डरमन', व्हायकिंगांशी, म्हणजे उत्तरेकडून समुद्रमार्गे येणाऱ्या लुटारूंशी, लढताना पडलेला. त्या विचारतात, "एल्डरमन म्हणजे शब्दशः म्हातारा माणूसच ना? मग मी 'वयोवृद्ध सरदार' लिहिलं तर चालेल का? 'म्हातारा योद्धा' लिहिलं की तो केविलवाणा वाटतो, 'वृद्ध योद्धा' लिहिलं की शाळेच्या पुस्तकातला वाटतो, आणि 'बुजुर्ग' लिहिलं की मुघल दरबारातून आल्यासारखा."

आधी एल्डरमनचं. नाही, एल्डरमन म्हणजे म्हातारा नव्हे. ते पद आहे. राजाच्या वतीने एखादा प्रांत सांभाळायचा, तिथल्या न्यायसभेत बसायचं आणि शत्रू आला की प्रांताची फौज घेऊन पुढे व्हायचं, हे त्याचं काम. ब्रिथनॉथ 956 साली या पदावर आला, म्हणजे मॉल्डनला उभा राहिला तेव्हा पदाची 35 वर्षं झाली होती. साठी त्याने ओलांडली असावी असं मानतात. तेव्हाचा राजा एथेलरेड पंचविशीच्या आसपासचा होता. त्यामुळे ब्रिथनॉथच्या बाबतीत पद आणि वय योगायोगाने जुळलं, पण पदासाठी म्हातारपणाची अट नव्हती. आजही नाही. दिल्ली महापालिकेत नायब राज्यपाल जे 10 सदस्य नेमतात त्यांना वर्तमानपत्रं 'एल्डरमन'च म्हणतात, आणि त्यांच्यासाठी कायद्याने घातलेली वयाची अट आहे 25 वर्षांची! (आपल्याकडे मुंबईत अशांना 'स्वीकृत नगरसेवक' म्हणतात.) तेव्हा पदाचं नाव 'एल्डरमन' असंच ठेवा आणि पहिल्या उल्लेखाला 'प्रांताधिपती' किंवा तसं काही जोडून मोकळ्या व्हा.

पण तुमची शंका अगदीच चुकीच्या वाटेने गेलेली नाही. त्या शब्दाच्या पोटात म्हातारपण आहेच. जुन्या इंग्रजीत 'एआल्ड' म्हणजे वयस्क, त्यापासून 'एआल्डोर' म्हणजे प्रमुख, अधिपती. आणि हा 'एआल्ड' ज्या मूळ धातूपासून आला त्याचा अर्थ 'वाढणे, पोसणे'. म्हणजे इंग्रजीतला 'ओल्ड' मुळात 'वाढलेला'. आता आपला 'वृद्ध' घ्या. वृध् म्हणजे वाढणे, त्याचं भूतकाळवाचक विशेषण वृद्ध, म्हणजे पुन्हा 'वाढलेला'. धातू वेगळे, पण कल्पना एकच. दोघांच्याही पूर्वजांना म्हातारपण ही झीज वाटली नव्हती, वाढ वाटली होती. म्हणूनच 'ज्ञानवृद्ध', 'तपोवृद्ध' हे शब्द होऊ शकले. आणि म्हणूनच गीतेच्या पहिल्याच अध्यायात शंख फुंकणाऱ्या भीष्मांना 'कुरुवृद्ध' म्हटलंय ते कौतुकाने. पाणिनीने तर 'ज्येष्ठ' हे रूप 'प्रशस्य' म्हणजे स्तुत्य आणि 'वृद्ध' या दोन्ही शब्दांना लावून दिलंय: सर्वांत चांगला तोही ज्येष्ठ, सर्वांत वयस्क तोही ज्येष्ठ.

मराठीत 'एआल्डोर'च्या सगळ्यात जवळ जाणारा शब्द मला विचाराल तर 'वडील'. प्राकृतात 'वड्ड' म्हणजे मोठा, त्यातून वडील. आज आपण तो बापापुरता वापरतो, पण 'वडील भाऊ', 'वडीलधारी माणसं', वतनाच्या भांडणातला 'वडीलपणाचा मान' यात जुना अर्थ शाबूत आहे. गंमत म्हणजे जर्मनीत आईबापांना 'एल्टर्न' म्हणतात, म्हणजे 'जास्त वयाचे'. रस्ता तोच.

आता ज्या शब्दाला तुम्ही बिचकताय त्याच्याकडे वळू.

'म्हातारा' आला 'महत्तर'पासून. महत्तर म्हणजे 'अधिक मोठा'. राष्ट्रकूटांच्या ताम्रपटांत दान दिल्याची सूचना ज्यांना द्यायची त्यांची एक ठरावीक यादी असते: राष्ट्रपती, विषयपती, ग्रामकूट, आयुक्तक, नियुक्तक आणि महत्तर. हे महत्तर म्हणजे गावातली वजनदार, पुढारी माणसं. म्हात्रे, म्हेत्रे ही आडनावंही याच शब्दाच्या वंशातली मानली जातात. म्हणजे बघा, इंग्रजांकडे 'वयस्क' या शब्दाचा 'अधिपती' झाला आणि आपल्याकडे 'पुढारी' या शब्दाचा 'वयस्क' झाला. एकाच जिन्यावरून एक वर गेला, एक खाली आला. ब्रिथनॉथ मॉल्डनला लढत होता त्याच्या जेमतेम अठरा वर्षं आधी, 973 मध्ये, राष्ट्रकूटांची सत्ता संपली होती. त्या काळच्या एखाद्या दख्खनी लेखकाने त्याला 'महत्तर' म्हटलं असतं तर तो चक्क मान झाला असता.

खाली येण्याची सवय आपल्याकडे फार. 'स्थविर' म्हणजे वृद्ध, त्याचं उदाहरण तर वाईट वाटावं असं आहे. पालीत त्याचा 'थेर' झाला. कार्ले, कान्हेरीच्या लेण्यांतल्या लेखांत थेर ही भिक्षूंची आदराची पदवी आहे, 'थेरवाद' हे बौद्ध पंथाचं नाव त्यावरूनच. आणि त्याच थेराला मराठीने 'डा' चिकटवून काय केलं? 'थेरडा'! (बाहेरून आलेल्यांचं नशीब बरं. अरबीतला 'शेख' आणि फारसीतला 'पीर' हे दोन्ही मुळात 'म्हातारा'च, पण मराठीत येऊनही त्यांची अब्रू टिकली.)

तेव्हा 'म्हातारा' केविलवाणा वाटतो हा दोष शब्दाच्या जन्माचा नाही, आपण तो ज्या वाक्यांत वापरतो त्या वाक्यांचा आहे. 'म्हातारा खोकत बसला होता' असंच आपण लिहीत आलो. 'म्हाताऱ्याने ढालीच्या धक्क्याने भाला मोडला आणि ज्याने तो मारला त्यालाच आपल्या भाल्याने भोसकलं' असं लिहून बघा, केविलवाणा वाटतो का ते.

या लढाईवर जुन्या इंग्रजीत एक कविता आहे. तिच्या 325 ओळी उरल्या आहेत, सुरुवात आणि शेवट हरवलेला. मूळ हस्तलिखित 1731 च्या आगीत जळालं, त्याआधी कुणी नक्कल करून ठेवली होती म्हणून कविता वाचली. तीत ब्रिथनॉथ जखमी होतो, हातातली तलवार गळून पडते आणि तरी तो बोलायचा थांबत नाही. तिथे कवी त्याला म्हणतो 'हार हिल्डेरिंक'. 'हिल्ड' म्हणजे लढाई, 'रिंक' म्हणजे गडी, आणि 'हार' म्हणजे केस पांढरे झालेला. (हा मूळ शब्द मराठी मजकुरात तसाच ठेवायचा मोह आवरा. आपल्या वाचकाला हरणाराच दिसेल.) जर्मनीत आज कुणाही पुरुषाच्या नावाआधी जो 'हेर' लावतात तो याच 'हार'चा नातलग, मुळात 'जास्त पिकलेला'. आपल्या गुप्तहेराशी त्याचा काही संबंध नाही.

म्हणजे कवीने वय सांगताना वर्षं मोजली नाहीत, केस दाखवले. केस दाखवायची रीत आपल्याकडेही आहे. महाभारतात द्रोणाचार्य लढतात तेव्हा ते 'आकर्णपलित' आहेत, कानापर्यंत केस पिकलेले, आणि रणात सोळा वर्षांच्या पोरासारखे फिरताहेत. हा 'पलित' आणि जुन्या इंग्रजीतला 'फेआलू' म्हणजे फिकट पिवळा, हे एकाच मुळाचे. संस्कृतातल्या प चा तिकडे फ होतो, 'पितृ' आणि 'फादर'सारखा. आणि ब्रिथनॉथच्या हातून जी तलवार पडते ती कवितेत कशी आहे? 'फेआलोहिल्टे', म्हणजे पिवळ्याजर्द, सोनेरी मुठीची! द्रोणांच्या केसांचा शब्द इथे तलवारीच्या मुठीला, तीन ओळींच्या अंतरावर पिकलं डोकं. हे कवीने मुद्दाम केलं नसणार, पण मला ते वाचताना मजा आली म्हणून सांगितलं.

मुद्दाम केलेली गोष्ट वेगळीच आहे. पूर्ण ओळीचा अर्थ होतो 'पांढऱ्या केसांच्या लढवय्याने पोरांना चेतवलं', आणि तीत पांढरे केस, लढवय्या आणि पोरं हे तिन्ही शब्द 'ह'ने सुरू होतात. 'हार हिल्डेरिंक, हिस्सस ब्युल्डे.' म्हातारा आणि पोरं एकाच आवाजात बांधली आहेत. मराठीत मी ही ओळ अशी करीन: 'पिकल्या केसांचा तो पट्टीचा लढवय्या पोरांना पेटवत राहिला.' 'प' आपोआप मिळाला. 'वृद्ध योद्धा'त हे काहीच मिळत नाही, म्हणून तो तुम्हाला पुस्तकी वाटला. त्यात केस नाहीत, कानाला नाद नाही, नुसती वयाची नोंद आहे.

एक सावधगिरी. 'हार हिल्डेरिंक' ही पदवी नेहमीच मानाची नसते. 937 च्या ब्रुनानबुर्हच्या लढाईवरच्या कवितेत स्कॉटांचा राजा कॉन्स्टंटाइन रणात मुलाचं प्रेत टाकून पळतो, तिथेही त्याला हेच शब्द लावलेत: या पिकल्या केसांच्या लढवय्याला मिरवण्याजोगं काही उरलं नाही, असा टोमणा. म्हणजे शब्द दोन्हीकडे चालतो, बापाच्या मायेनेही आणि चिमटा काढायलाही. अगदी आपल्या 'म्हातारा'सारखा. घरात 'आमचा म्हातारा ऐकायचा नाही' म्हणणाऱ्याच्या आवाजात तक्रार किती आणि अभिमान किती, हे बाहेरच्याला कळत नाही.

यावरून माझा सल्ला. निवेदकाच्या तोंडी 'पिकल्या केसांचा'. शिपायांच्या तोंडी बेधडक 'म्हातारा', विशेषतः त्याच्या पाठीमागे बोलताना. तोंडावर अर्थात 'धनी'. 'सरदार' मात्र काढा. फारसी म्हणून नव्हे, तो शब्द आला की वाचकाच्या डोळ्यांपुढे पगडी येते म्हणून. शिवाय 'सर' म्हणजे डोकं, आणि व्हायकिंगांनी ब्रिथनॉथचं नेमकं डोकंच कापून नेलं. ईली इथल्या मठाच्या साधूंनी धड पुरताना त्या जागी मेणाचा गोळा ठेवला, आणि 1769 मध्ये हाडं पाहिली तेव्हा खरोखरच कवटी नव्हती. उंचीचा अंदाज तेव्हा सहा फूट नऊ इंच बांधला गेला. तुमच्या मसुद्यात तो 'किंचित वाकलेला' आहे, तेवढं बघा.

'म्हातारा' ठेवलात तर एक म्हणही फुकट मिळते. लढाईआधी व्हायकिंगांनी खंडणी मागितली तेव्हा ब्रिथनॉथ म्हणाला होता, खंडणीत भाले देऊ. तो पडला आणि त्याच वर्षी राजाने 10,000 पौंड मोजले. 994 मध्ये 16,000, 1002 मध्ये 24,000, 1012 मध्ये 48,000. म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो. इथे म्हातारा होता एवढाच फरक.

शेवटी तुम्ही चिठ्ठीच्या तळाशी विचारलेला ब्रिथवोल्ड. हा ब्रिथनॉथचा जुना साथी. धनी पडल्यावर तो ढाल उचलून, भाला हलवून म्हणतो की बळ आटेल तसं मन अधिक कणखर, काळीज अधिक धीट व्हायला हवं. मग स्वतःबद्दल म्हणतो 'इक एओम फ्रोड फेओरेस', म्हणजे 'मी वयाने फ्रोड आहे', आणि इथून हलणार नाही, धन्याच्या शेजारी पडेन म्हणतो. 'फ्रोड' म्हणजे एकाच वेळी म्हातारा आणि शहाणा. तुम्ही 'मी आता थकलोय' असं केलंय, ते तर उलटंच झालं. मराठीत यासाठी नेमका शब्द आहे: पोक्त. तोही फारसीच, 'पुख्ता' म्हणजे शिजलेला, आपल्या 'पक्व'चा सख्खा भाऊ. पण तो इतका मुरलाय की त्याला दरबाराचा वास येत नाही. 'मी पोक्त माणूस आहे. इथून हलायचा नाही.' एवढंच लिहा, पुढे उद्गारचिन्हही नको.